योरुबांचे ओरिशा आणि ख्रिस्ती धर्म: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेतल्या जुन्या श्रद्धांबद्दल मराठीत जे थोडंफार वाचायला मिळतं ते बहुतेक दोन टोकांचं असतं. एकीकडे 'जंगली जादूटोणा', दुसरीकडे 'गोऱ्यांनी बाटवलेले भोळे लोक'. तिथल्या माणसाने स्वतः विचार केला, काही स्वीकारलं, काही नाकारलं, काहीसाठी भांडला, हे या दोन्हींत कुठेच दिसत नाही. योरुबा समाजाबद्दल वाचकांकडून नेहमी येणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरं त्या माणसाला समोर ठेवून लिहिली आहेत.

आफ्रिका एवढी मोठी, मग फक्त योरुबांबद्दलच का?

'आफ्रिकी धर्म' नावाचा एकच धर्म नाही. त्या खंडात हजारांहून जास्त भाषा आहेत आणि उपासनेच्या रीतीही तशाच असंख्य. सगळ्यांना एका वाक्यात बसवायला गेलं की खोटं लिहिलं जातं. योरुबा हा नैर्ऋत्य नायजेरिया आणि शेजारच्या बेनिनमधला काही कोटींचा समाज. लागोस, इबादान, अबेओकुटा ही त्यांची शहरं. ख्रिस्ती धर्म तिथे कसा रुजला याची नोंद खुद्द योरुबा पाद्र्यांनी आपल्या दैनंदिन्यांत आणि पत्रांत करून ठेवली आहे, आणि त्यांचा जुना धर्मही आज जिवंत आहे. दोन्ही बाजूंचं ऐकता येतं, असं फार थोड्या ठिकाणी घडतं.

मिशनरी येण्याआधी योरुबा लोक काय मानत होते?

सर्वांच्या वर ओलोडुमारे. त्यालाच ओलोरुन, म्हणजे आकाशाचा स्वामी, असंही म्हणतात. त्याची देवळं नव्हती, रोजची पूजाअर्चाही नव्हती. माणसाचा रोजचा व्यवहार ओरिशांशी, म्हणजे निरनिराळ्या देवतांशी. ओगुन लोखंडाचा आणि युद्धाचा. लोहार, शिकारी आणि आता ट्रकचालक, मेकॅनिकसुद्धा त्याला मानतात. शांगो विजेचा देव, ओयो या योरुबा राज्याचा एकेकाळचा राजा. ओशुन नदीची, मुलंबाळं देणारी. ओबाटाला गर्भात माणसाचा देह घडवणारा, म्हणून त्याच्या भक्तांचा वेष पांढरा. पूर्वज एगुनगुनच्या रूपाने, नखशिखान्त कापडात झाकलेल्या सोंगांतून, घरच्यांना भेटायला येतात.

आणि इफा, म्हणजे कौल घेण्याची विद्या. बाबालावो, म्हणजे इफाचा पुजारी, ताडाच्या 16 बिया हातात घेऊन लाकडी पाटावर खुणा उमटवतो. त्यातून 256 ओडूंपैकी, म्हणजे ठरलेल्या चिन्हांपैकी, एक निघतो आणि त्या ओडूची पदं तो तोंडपाठ म्हणतो. वर्षानुवर्षं गुरूजवळ राहून ही पदं पाठ करावी लागतात. एका समाजाचं इतिहास, वैद्यक आणि नीतीचं ज्ञान त्यांत साठवलेलं आहे. याला कुणी नुसतं 'भविष्य पाहणं' म्हटलं की मला वाईट वाटतं.

पुढचं सगळं समजून घ्यायला इथली एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. एका ओरिशाकडे जाण्यासाठी दुसरा सोडावा लागत नसे. घरात बाप ओगुनचा, आई ओशुनची, थोरला मुलगा इफाचा, असं सहज चाले. नव्या देवाचा गुण आला तर त्यालाही जागा मिळे. 'हा एकच, बाकीचे टाका' ही मागणीच योरुबांना नवी होती.

ख्रिस्ती धर्म तिथे गोऱ्यांनीच नेला ना?

जहाजं आणि पैसा इंग्लंडचा, पण सुरुवातीचे बरेचसे प्रचारक योरुबाच होते.

एकोणिसाव्या शतकात ओयोचं साम्राज्य कोसळलं आणि आपसातली युद्धं पेटली. युद्धकैदी किनाऱ्यावर गुलाम म्हणून विकले जात. अजायी नावाचा मुलगा 1821 मध्ये ओसोगुन गावावरच्या हल्ल्यात पकडला गेला, हातोहात विकला गेला आणि शेवटी पोर्तुगीज जहाजात चढवला गेला. ब्रिटिश नौदलाने 1822 मध्ये ते जहाज अडवलं आणि सुटलेल्यांना सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनला उतरवलं. तिथे 1825 मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज मिशनरी संस्थेच्या समितीवरच्या एका लंडनच्या पाद्र्याचं नाव त्याला मिळालं: सॅम्युएल क्राउदर. जन्माच्या वेळी तोंड खाली असलेल्या बाळाला योरुबांमध्ये 'अजायी' म्हणतात. हे नाव त्याने सोडलं नाही. सॅम्युएल अजायी क्राउदर असंच तो शेवटपर्यंत म्हणवून घेई.

1843 मध्ये त्याला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. 1846 मध्ये तो अबेओकुटाला मिशन घेऊन आला आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हरवलेली आई त्याला तिथे भेटली. दोन वर्षांनी तिचा बाप्तिस्मा झाला. 1864 मध्ये तो अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकी बिशप झाला. ज्याला नव्या धर्माने साखळदंडातून सोडवलं, ज्याची आई परत दिली, त्याला तो धर्म परक्यांचा का वाटावा? 'परकीयांनी लादलेला धर्म' हे शब्द त्याच्या आयुष्याला लागू पडत नाहीत.

शेवट मात्र कडवट झाला. नव्या पिढीच्या इंग्रज मिशनऱ्यांनी त्याच्या हाताखालच्या आफ्रिकी माणसांवर अविश्वास दाखवला. 1890 मध्ये त्याने नायजर मिशनच्या वित्त समितीचा राजीनामा दिला आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस तो वारला. त्याच्या जागी गोरा बिशप आला. लागोसच्या ख्रिस्ती लोकांना हा अपमान झोंबला आणि स्वतंत्र आफ्रिकी मंडळ्यांना यातून बळ मिळालं.

एशू हा योरुबांचा सैतान आहे का?

नाही. हा गैरसमज इतका खोल गेला आहे की इथे थोडं सविस्तर लिहितो.

एशू हा निरोप्या. माणसाने ओरिशांना दिलेला नैवेद्य तोच पोचवतो, म्हणून पहिला वाटा त्याचा. इफाच्या पाटाच्या कडेला चेहरा कोरलेला असतो तो एशूचा. तो चव्हाट्यावर, वेशीवर, बाजारात असतो. त्याची एक लोककथा प्रसिद्ध आहे. दोन जिवलग मित्रांची शेतं शेजारी शेजारी होती. एशू दोन रंगांची टोपी घालून मधल्या बांधावरून चालत गेला. एकाला टोपीचा एक रंग दिसला, दुसऱ्याला दुसरा. कोण खरं बोलतो यावरून दोघे हातघाईवर आले. कथा विचारते, आपण पाहिलं तेवढंच खरं असं तुम्ही का धरून बसलात?

आपल्याला यात नारद दिसेल: तिन्ही लोकी फिरणारा, निरोप नेणारा, कळ लावणारा, आणि तरीही देवर्षी. आता आपल्या भाषेतल्या धर्मग्रंथात जिथे जिथे 'सैतान' यायचं तिथे कुणी 'नारद' छापलं आणि दीडशे वर्षं मुलांनी तेच वाचलं, तर काय होईल याचा विचार करा. योरुबा बायबलचं भाषांतर क्राउदरच्या नेतृत्वाखाली झालं, पूर्ण ग्रंथ 1884 मध्ये आला. त्यात परमेश्वरासाठी ओलोरुन हे नाव घेतलं गेलं आणि सैतानासाठी एशू.

भाषांतरकारांचा हेतू वाईट होता असं मी मानत नाही. त्यांना लोकांच्या कानाला ओळखीचे शब्द हवे होते. पण योरुबांकडे संपूर्ण दुष्ट असा देवच नव्हता. प्रत्येक ओरिशा देतोही आणि शिक्षाही करतो. त्या रिकाम्या जागी कुणाला तरी बसवणं भाग होतं आणि टोपी फिरवणारा एशू सापडला. आज ज्याने कधी ओरिशाचं ठाणं पाहिलं नाही असा योरुबा मुलगाही शिवी म्हणून एशूचं नाव घेतो. मेथडिस्ट धर्मगुरू आणि विद्वान ई. बोलाजी इडोवू यांनी 1962 मध्येच स्पष्ट लिहिलं होतं की एशू म्हणजे बायबलमधला सैतान नव्हे. अलीकडे तरुणांनी समाजमाध्यमांवर 'एशू सैतान नाही' अशी मोहीमही चालवली. बायबलच्या पानावर मात्र जुनाच शब्द ठाण मांडून आहे.

लोक एवढ्या मोठ्या संख्येने ख्रिस्ती का झाले? बळजबरी होती का?

पहिली चाळीस-पन्नास वर्षं फार थोडे लोक ख्रिस्ती झाले. 1867 मध्ये तर अबेओकुटाच्या लोकांनी मिशनऱ्यांना हाकलून लावलं होतं. चित्र पालटलं ते सत्ता आल्यावर. 1892 मध्ये इंग्रजांनी इजेबू या योरुबांच्याच एका गटाचा लढाईत पाडाव केला आणि एरवी मिशनऱ्यांना दारात उभं न करणाऱ्या त्याच मुलखात थोड्याच वर्षांत चर्च आणि मशिदी भरू लागल्या. तलवार गळ्यावर ठेवून बाप्तिस्मा दिला नाही. पण आपले ओरिशा बंदुकीपुढे हरले हे लोकांनी पाहिलं होतं.

त्यानंतरचं मोठं कारण शाळा. कारकुनी, शिक्षकी, कचेरीतली नोकरी यांचा रस्ता मिशनच्या शाळेतून जाई आणि शाळेत बाप्तिस्म्याचं नाव लागे. 1955 मध्ये नायजेरियाच्या पश्चिम विभागाच्या सरकारने प्राथमिक शिक्षण मोफत केलं तेव्हाही बऱ्याच शाळा मिशनच्याच होत्या. बाबालावोचा मुलगा सकाळी शाळेत 'मूर्तिपूजक अंधारात चाचपडतात' असं वाचून संध्याकाळी बापाच्या हाताखाली बसे. काहींना ते साधलं. बऱ्याच जणांना बापाची लाज वाटू लागली. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त सलतं ते हे. देव बदलणं समजू शकतं. आजोबांच्या देवाचं नाव घेताना मान खाली जावी, हे नुकसान फार मोठं आहे.

मग मिशनने चांगलं काही केलंच नाही असं म्हणायचं का?

मुळीच नाही. योरुबा भाषेला लिपीची शिस्त मिशनने दिली. 1859 मध्ये अबेओकुटाला हेन्री टाउनसेंड या मिशनऱ्याने योरुबा वर्तमानपत्र सुरू केलं. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आणि नरबळीविरुद्ध मिशन ठाम उभं राहिलं. राजेरजवाड्यांच्या अंत्यविधीत आणि संकटकाळी माणसांचे बळी दिले जात, हे लपवून जुन्या धर्माचा गौरव करणं अप्रामाणिक ठरेल.

जुळ्यांबद्दल मात्र एक घोटाळा नेहमी होतो. जुळी मुलं मारण्याची प्रथा आग्नेय नायजेरियातल्या कालाबारकडच्या वर्णनांत येते. तिथे स्कॉटिश मिशनरी मेरी स्लेसर हिने त्याविरुद्ध काम केलं. तीच गोष्ट सरसकट योरुबांना चिकटवली जाते. अलीकडच्या शतकांतले योरुबा तर जुळ्यांना भाग्याचं लक्षण मानतात आणि त्यांतलं एखादं दगावलं तर त्याची 'इबेजी' नावाची लाकडी बाहुली करून तिला न्हाऊमाखू घालतात.

'योरुबा' ही ओळखच मिशनने घडवली, हे खरं का?

बऱ्याच अंशी. पूर्वी 'योरुबा' हे नाव मुख्यतः ओयोच्या लोकांसाठी होतं. बाकीचे स्वतःला एग्बा, इजेबू, इजेशा, एकिटी म्हणवत आणि एकमेकांशी लढत. फ्रीटाउनला एकत्र उतरलेल्या निरनिराळ्या गावच्या लोकांना आपली बोली सारखी आहे हे तिथे जाणवलं. मग बायबल, शब्दकोश आणि शाळेची पुस्तकं सर्वांसाठी एकाच भाषेत आली. या समाजाचा पहिला मोठा इतिहास लिहिला तोही अँग्लिकन पाद्री सॅम्युएल जॉन्सन यांनी. 1897 मध्ये पुरा झालेला तो ग्रंथ 1921 मध्ये छापला गेला. ओरिशांना हीन ठरवणाऱ्या हातांनीच 'आपण सारे योरुबा' हा अभिमानही लिहून ठेवला. आज जुन्या धर्माची बाजू मांडणारा तरुण ज्या योरुबात लिहितो ती क्राउदरने घडवलेली आहे, आणि हे कबूल करताना त्याला कमीपणा वाटण्याचं कारण नाही.

लोक नावं का बदलतात?

योरुबा नावात घराण्याचं दैवत असतं. ओगुन, इफा, शांगो, ओशुन ही नावांची सुरुवातीची अक्षरं. विसाव्या शतकाच्या आरंभी लागोसच्या गादीवर एशुगबायी नावाचा राजा होता. एशूच्या नावाने ओळखलं जाण्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. आता पुष्कळ कुटुंबं नावातला ओगुन किंवा इफा काढून तिथे 'ओलू', 'ओलुवा' (प्रभू) किंवा 'जेसू' (येशू) घालतात आणि बाकीचं नाव तसंच ठेवतात.

याच्या उलट दिशेनेही माणसं गेली आहेत. डेव्हिड ब्राउन व्हिन्सेंट या बाप्टिस्ट पाद्र्याने 1894 मध्ये इंग्रजी नाव टाकून मोजोला अग्बेबी हे नाव घेतलं आणि योरुबा वेष अंगावर चढवला. येशूवरची त्याची श्रद्धा तसूभरही हलली नाही. ख्रिस्ती होण्यासाठी इंग्रज व्हावं लागत नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

अलादुरा म्हणजे काय?

'प्रार्थना करणारे'. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत माणसं पटापट मरत होती आणि मोठ्या चर्चसंस्थांकडे उत्तर नव्हतं. तेव्हा इजेबू-ओडेला काही ख्रिस्ती लोक एकत्र जमून केवळ प्रार्थनेवर भिस्त ठेवू लागले. पुढे 1925 च्या सुमारास 'चेरुबिम अँड सेराफिम' ही मंडळी उभी राहिली. 1930 मध्ये इलेशाला जोसेफ अयो बाबालोला या पूर्वाश्रमीच्या रोडरोलर चालकाच्या सभांना माणसांचा पूर आला. पांढरे झगे, अनवाणी पाय, ढोल, स्वप्नं, दृष्टान्त, मंतरलेलं पाणी. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, हा तर जुनाच धर्म.

पण याच सभांमध्ये लोकांनी ताईत आणि मूर्ती आणून ढीग घातले आणि जाळले. इंग्रज मिशनरी सांगे, ओरिशा खोटे आहेत, नुसता दगड. बाबालोलाचे अनुयायी म्हणत, ते खरे आहेत, त्यांच्यात शक्ती आहे, आणि ती शक्ती वाईट आहे. योरुबा मनाला हे दुसरं म्हणणं जास्त पटलं. चेटूक, शत्रूची नजर, वांझपण, आजार या त्यांच्या खऱ्या भीतींना कुणी तरी उत्तर देत होतं. म्हणूनच जुन्या धर्मावरचा सर्वांत जोराचा घाव आफ्रिकी ख्रिस्ती लोकांच्याच हातून बसला.

आजच्या पेंटेकोस्टल मंडळ्या एवढ्या कठोर का?

पेंटेकोस्टल म्हणजे पवित्र आत्म्याच्या सामर्थ्यावर आणि प्रार्थनेने आजार बरे होण्यावर भर देणारे ख्रिस्ती. त्यांच्या इथल्या मंडळ्यांची मुळं याच मातीत आहेत. लागोस-इबादान महामार्गावर जिचा प्रचंड तळ आहे ती 'रिडीम्ड ख्रिश्चन चर्च ऑफ गॉड' 1952 मध्ये जोसाया अकिंदायोमी यांनी सुरू केली. ते आधी चेरुबिम अँड सेराफिममध्ये होते. नव्या मंडळ्यांमध्ये 'घराण्याच्या दैवतांपासून सुटका' ही प्रार्थना नेहमीची आहे. लग्न जमत नाही, धंदा बसला, तर मूळ पणजोबांच्या पूजेत शोधलं जातं. नायजेरियन चित्रपटांतला लाल वस्त्रांतला खुनशी मांत्रिक याच विचारातून पडद्यावर आला.

याचं भीषण टोक म्हणजे लहान मुलांवर चेटकाचा आरोप. योरुबा प्रदेशाबाहेर, आग्नेयेकडच्या अक्वा इबोम राज्यात हे एवढं वाढलं की 2008 च्या बालहक्क कायद्यात मुलाला चेटक्या ठरवणं हाच गुन्हा करावा लागला. सगळे पेंटेकोस्टल असं करतात असं कुणी समजू नये. पुष्कळ ख्रिस्ती कार्यकर्तेच अशा मुलांना आसरा देतात.

चर्चने योरुबा कलेला कधी जवळ केलं का?

केलं, आणि फार सुंदर रीतीने. 1947 मध्ये आयरिश कॅथलिक धर्मगुरूंनी एकिटी भागात ओये इथे कोरीवकामाची कार्यशाळा काढली. परंपरेने ओरिशांसाठी कोरणारे कारागीर तिथे चर्चचे दरवाजे आणि येशूच्या जन्माचे प्रसंग कोरू लागले. त्यांतले लामिडी फाकेये पिढ्यान् पिढ्यांच्या कोरक्या घराण्यातले आणि धर्माने मुसलमान. ओरिशांची, चर्चची, राजवाड्याची, सगळ्यांची कामं त्यांनी केली.

इस्लामचं काय?

योरुबांमध्ये मुसलमानही ख्रिस्ती लोकांइतकेच ठळक आहेत आणि इस्लाम तिथे मिशनच्या कितीतरी आधी आला. एकाच घरात दोन्ही धर्म सहज नांदतात. जुन्या धर्माला विरोध मात्र त्या बाजूनेही होतो. 2023 मध्ये इलोरिन शहरात ओरिशा-उपासकांचा उत्सव मुस्लिम गटांच्या विरोधामुळे होऊ शकला नाही.

जुना धर्म आज उरला आहे का?

उरला आहे, आणि आता मान वर करून बोलतो. ओशोग्बोची ओशुनची देवराई 2005 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. 1950 मध्ये नायजेरियाला आलेली ऑस्ट्रियन कलावंत सुझान वेंगर ओरिशांची दीक्षा घेऊन तिथेच राहिली. तिने स्थानिक कारागिरांना हाताशी धरून तिथली शिल्पं उभारली आणि जंगल वाचवलं. इफाही 2008 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. 20 ऑगस्टच्या 'इशेशे' (म्हणजे परंपरागत धर्म) दिवसानिमित्त लागोस, ओगुन, ओशुन आणि ओयो राज्यांनी 2023 मध्ये सुट्टी दिली. न्यायालयात ओगुनचा भक्त बायबलऐवजी लोखंडावर शपथ घेऊ शकतो.

अटलांटिकपलीकडे तर हा धर्म गुलामांच्या वस्तीत वाढला. ब्राझीलचं कान्दोम्बले, क्यूबाची सांतेरिया. क्यूबात शांगो संत बार्बाराच्या आडोशाने टिकला. आज अमेरिकेतले काळे लोक दीक्षेसाठी योरुबा गावांत येतात, आणि स्थानिक तरुण चकित होतो: ज्याची आपल्याला लाज वाटायला शिकवलं ते शोधत हे समुद्र ओलांडून आले!

या इतिहासाचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

योरुबांशी थेट नाही, पण क्राउदरला शिकवणाऱ्या चर्च मिशनरी सोसायटीशी आहे. ब्रिटिश नौदल अरबी समुद्रात गुलामांच्या नौका पकडून पूर्व आफ्रिकेतली मुलं मुंबईला उतरवी. त्यांतल्या काहींना सोसायटीच्या नाशिकजवळच्या शरणपूर वसाहतीत ठेवून लिहायला, सुतारकाम, लोहारकाम करायला शिकवलं गेलं. जेकब वेनराइट त्यांतलाच. 1873 मध्ये आजच्या झांबियात स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना त्याने वाचली, आणि पुढच्या वर्षी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतल्या दफनालाही तो होता. 1875 मध्ये मोम्बासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रीरटाउन वसलं. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्यावरून ते नाव पडलं. तिथे गेलेल्या या लोकांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणत. गाव, कुळ, आईबापांचे देव लहानपणीच तुटलेली ही मुलं. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या नाशिककरांना त्यांची आठवण असायला हवी असं मला फार वाटतं.

ख्रिस्ती झालेला योरुबा कमी योरुबा ठरतो का?

नाही, आणि असं म्हणण्याचा अधिकार बाहेरच्या कुणालाही नाही. इथिओपियात चौथ्या शतकात ख्रिस्ती राजा होता, म्हणजे हा धर्म त्या खंडाला तसा परका नाहीच. इडोवूंसारख्या माणसांनी चर्चमध्ये उभं राहूनच ओलोडुमारेबद्दल आदराने लिहिलं. माझं भांडण येशूला मानणाऱ्याशी नाही. शेजारच्या बाबालावोला सैतानाचा चाकर म्हणायला मुलांना शिकवलं जातं, त्या शिकवणीशी आहे.

पुण्यात एक नायजेरियन विद्यार्थी ओळखीचा आहे. त्याला याबद्दल विचारलं तर चालेल का?

तो योरुबाच असेल असं धरून चालू नका. इग्बो, हौसा किंवा आणखी कुठल्या समाजाचा असू शकतो. सुरुवात नावापासून करा: अर्थ काय, कुणी ठेवलं. हे सांगायला बहुतेकांना आवडतं आणि घराण्याची गोष्ट आपोआप निघते. 'काळी जादू' हा शब्द काढू नका. तो कट्टर पेंटेकोस्टल असेल आणि ओरिशांचा विषय टाळत असेल, तर तिथेच थांबा. घरात कोण काय मानतं हे त्याने आपणहून सांगितलं, तर आजीबद्दल जरूर विचारा.